तोंडओळखवाले काका

पेणमध्ये राहायचं, मासिक काढायचं आणि त्यात गणपतीचा एकही फोटो छापायचा नाही, हे खूळ ज्या डोक्यातून निघालं त्या डोक्याशी माझी गाठ माझ्याच दुकानाच्या पायरीवर पडली. माझं दुकान एस.टी. स्टँडसमोरच्या बोळात आहे. झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका, बॅनर, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. एकटी बाई दुकान चालवते म्हटल्यावर चौकशा करायला येणारे फार आणि काम घेऊन येणारे थोडे. हे आले तेव्हा मला वाटलं, हे तिसऱ्याच प्रकारातले, म्हणजे पत्ता चुकलेले. पासष्टीच्या पुढचे, पायात रबरी चपला, हातात भाजीची पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारं पडवळ. मला म्हणाले, "मासिक काढायचंय. माणसांच्या फोटोंचं. तुझ्या कम्प्युटरात होतंय का गो?"

कसल्या माणसांच्या, असं मी विचारलं. तर म्हणाले, असतात त्या. एवढं बोलून त्यांनी पडवळ माझ्या काउंटरवर ठेवलं आणि पिशवीच्या तळातून कॅमेरा काढला. वर भाजी, खाली कॅमेरा, ही त्यांची कायमची रीत. कॅमेरा गळ्यात अडकवून गेलं की लोक कपडे बदलायला आत पळतात, आणि पडवळ घेऊन गेलं की बसा म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. पडवळ बहुतेक एकच असायचं. दोन-दोन दिवस तेच पडवळ रायगड जिल्हा फिरून यायचं, मग त्याची भाजी व्हायची.

रोह्याला त्यांचा तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो. तो बंद करून पेणला एका गणपतीच्या कारखान्यामागे खोली घेऊन ते राहत होते. का बंद केला, इकडे का आलात, घरी कोण असतं, हे मी विचारलं नाही असं नाही. मी सगळं विचारते, तो माझा स्वभावच आहे. पण ते उत्तराच्या जागी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगायला लागायचे, आणि गोष्ट इतकी चांगली असायची की आपला प्रश्न काय होता हेच विसरायला व्हायचं.

मासिकाचं नाव ठेवलं होतं 'तोंडओळख'. मी म्हटलं, काका, काहीतरी भारदस्त ठेवा. ते म्हणाले, माणसं रोज दिसतात, त्यांचं तोंड ओळखीचं असतं, नाव कुणाला माहीत नसतं. आपण तेवढं नाव खाली छापायचं. त्यात भारदस्त काय असणार? मी तेच नाव मोठ्या टायपात टाकलं.

त्यांचं काम बघून कुणालाही घाम फुटला असता. एका माणसाकडे तीन खेपा. पहिल्या खेपेला कॅमेरा घरीच. दुसऱ्या खेपेला कॅमेरा पिशवीत, पण बाहेर काढायचा नाही. तिसऱ्या खेपेला फोटो, तोही एक किंवा दोन. हसा म्हणायचं नाही, इकडे बघा म्हणायचं नाही. पेणच्या खाडीकडे मिठागरावर एक म्हातारा होता, त्याच्या तिसऱ्या खेपेला पाऊस आला म्हणून हे पुढच्या हंगामापर्यंत थांबले. आणि छापायच्या आधी पान घेऊन परत त्या माणसाकडे जायचं, त्याला वाचून दाखवायचं. तो हो म्हणाला तरच छापायचं.

आमची भांडणं व्हायची ती शब्दांवरून. माणूस काय बोलला ते काका वहीत पेन्सिलीने उतरवून आणायचे आणि मला टाईप करायला द्यायचे. कासू स्टेशनवर वडे विकणारी एक बाई आहे. तिचं वाक्य त्यांनी आणलं होतं, "गाडी लेट झाली का माझे वडे खपतात, म्हणून मी देवाला रोज सांगते, जरा थांबव." मी आपलं शहाणपणाने लिहिलं, गाडीला विलंब झाल्यास विक्री वाढते. काकांनी चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, "ही बाय कुठल्या हापिसात कामाला हाय?" आख्खं पान परत करायला लावलं. जसंच्या तसं, एवढा एकच शब्द त्यांनी मला हजारदा ऐकवला असेल. मला सुधारायची खोड आहे, हे माझ्या तोंडावर सांगणारे तेच पहिले.

गणपतीचं सांगायचं राहिलं. आमच्या गावाची सगळी ओळख गणपतीवर. पावसाळा जवळ आला की मोठमोठे कॅमेरे घेऊन माणसं येतात, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कलाकाराचा फोटो काढतात आणि जातात. काका म्हणायचे, गणपतीला काय कमी हाय, त्याच्याकडे सगळी दुनिया बघते. जी बाई त्याचं पोट घासून गुळगुळीत करते तिच्याकडं कोण बघतो? दोन-तीन कारखानदार जाहिराती द्यायला तयार होते, अट एकच, मुखपृष्ठावर बाप्पा पाहिजे. यांनी हात जोडून नाही सांगितलं. ज्या कारखान्यामागे राहायचे त्याच्या मालकानेही मग बोलणं कमी केलं.

पहिला अंक छापून आला तेव्हा प्रकाशन समारंभ करायचा ठरला. आमदार नको, नगरसेवक नको. अंकात ज्या बारा जणांचे फोटो आहेत त्यांनीच अंक उघडायचा. काका पेणपासून कोलाडपर्यंत प्रत्येकाच्या दारात जाऊन बोलावणं करून आले. मी पत्रिका छापली. हॉल मिळाला, चाळीस खुर्च्या मांडल्या. बुधवार, सकाळी अकरा. अकरा वाजले, साडेअकरा झाले, बारा वाजत आले. हॉलमध्ये ते, मी आणि पंखे चालू करायला आलेला शिपाई. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, काका, आज बुधवार आहे, ही सगळी माणसं कामावर आहेत. कामाच्या माणसांवर अंक काढून त्यांना कामाच्या वेळेलाच बोलावलं होतं, आणि हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

मला हसू फुटलं. त्यांनी उठून अंक शिपायाच्या हातात दिला आणि तूच उघड म्हणाले. शिपायाने उघडला, चाळला, आपल्या ओळखीचं कोणी दिसतं का ते बघितलं आणि परत दिला. त्यानंतर काकांनी त्या चाळीस खुर्च्या एकेक करून उचलल्या आणि भिंतीला लावल्या. शिपायाला हात लावू दिला नाही, मलाही नाही. तेव्हा माझं हसू जागच्या जागी गेलं. पुढचे दोन दिवस ते एस.टी.ने आणि गाडीने फिरून ज्याचा त्याचा अंक ज्याच्या त्याच्या कामाच्या जागी देऊन आले.

आता माझी चूक सांगते. अंक निघाल्याचं गावाला कळायला नको का, म्हणून मीच म्हटलं की पेण स्टँडवर एक बॅनर लावू. मुखपृष्ठावर होत्या इंदूबाई. काकांच्या खोलीला लागून जो कारखाना, तिथे त्या वीस वर्षं कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासतात. कोपरापर्यंत हात पांढरे, केस पांढरे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. तो पांढरा रंग दिसावा म्हणून काकांनी फोटो काळापांढरा ठेवला होता. आता आमच्या धंद्यात बॅनर कोणी कोऱ्या पानावर करत नाही. जुनी फाईल उघडायची, फोटो आणि नाव बदलायचं. माझ्याकडे होणारे निम्मे बॅनर वाढदिवसाचे आणि निम्मे श्रद्धांजलीचे. वाढदिवसाच्या फाईलीत फुगे आणि केक, ते त्या फोटोला कसं शोभणार? म्हणून दुसरी उघडली. समई काढली, हार काढला, भावपूर्ण श्रद्धांजली ही अक्षरं काढली. काळी चौकट मात्र राहू दिली, कारण फोटोच्या कडा पांढऱ्यात विरघळत होत्या. खाली मोठ्या अक्षरात नाव, माहेर कासू, आणि तोंडओळख हे बारीक अक्षरात. संपर्काला नंबर माझ्या दुकानाचा, कारण काकांचा मोबाईल चार्ज केलेला मी कधी पाहिला नाही.

बॅनर सकाळी लागला आणि मी फोन दुकानातच ठेवून दुपारपर्यंत कागद आणायला बाहेर होते. दुपारच्या गाडीने कासूहून तेरा माणसं पेणला उतरली.

इंदूबाईंचा सख्खा भाऊ त्यात पुढे होता. बापाच्या जमिनीच्या हक्कसोडीवर इंदूबाईंनी सही केली नव्हती, म्हणून नऊ वर्षं त्याने बहिणीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आता डोक्यावर टोपी, हातात हार, मागे बायको पदर डोक्यावरून घेऊन रडतेय, अशी सगळी वरात कारखान्यासमोर आली. बाहेर कसला गलका म्हणून इंदूबाई दारात आल्या. नखशिखांत पांढऱ्याफटक. भावजय मटकन खाली बसली. भाऊ पुढे आला, त्याने बहिणीचे ते पावडरीने भरलेले हात धरले.

"तू हायस?"

"हाय की," इंदूबाई म्हणाल्या. "मग कोण मेलं?"

मी तिथे होते. बॅनरचा घोटाळा कळल्यावर धावत गेले होते आणि आता आपल्याला मार पडणार या तयारीने कोपऱ्यात उभी होते. कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो भाऊ हात सोडेना. सहीचं बिहीचं मरू दे, म्हणाला. कारखान्यात तेरा जणांना चहा झाला, आणि संध्याकाळच्या गाडीने ते इंदूबाईंना माहेरी जेवायला घेऊन गेले. काका सगळा वेळ भिंतीला टेकून उभे होते, कॅमेरा हातात होता. मी दोनदा खुणावलं, काढा ना. त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले. मला वाटलं, आता चौकटीवरून माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी वही उघडून मला विचारलं, भाऊ पहिलं काय बोलला, तू हायस, एवढंच ना? मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "नऊ वर्षं येत नव्हता गो. चौकट बघून आला."

अंकाचं मात्र नशीब उघडलं. मेलेली बाई बघायला म्हणून लोकांनी अंक मागून नेले. त्यामुळे पुढे श्रावणात ते दुसऱ्या अंकाचं बॅनर करायचंय म्हणून आले आणि या वेळी फोटो माझाच लाव म्हणाले, तेव्हा मी टाळीच वाजवली. म्हटलं, काका, जाहिरातीत तुम्ही भलतेच मुरलात. ते हसले नाहीत. पासपोर्ट फोटोसाठी माझ्याकडे पडदा आहे, त्याच्यासमोर स्टुलावर बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं. त्या दिवशी दाढी करून आले होते हेही माझ्या लक्षात आलं, पण लक्षात येणं वेगळं आणि समजणं वेगळं. त्यांच्याच कॅमेऱ्याने मी फोटो काढला.

"त्याच फाईलीत कर," ते म्हणाले. "चौकट ऱ्हाऊ दे."

नाव मोठं, तोंडओळख बारीक, नंबर माझा. एकच बॅनर, तो रोह्याच्या स्टँडवर. पेणला नको का, असं मी विचारलं. नको म्हणाले, आणि गुंडाळी काखेत मारून गेले.

गणपती तोंडावर आले होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पावतीपुस्तकं, मंडळांचे बॅनर, कमानी, आणि सगळ्यांना कालच पाहिजे. त्यात फोन सुरू झाले. कोलाडच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापणारी बाई पहिल्या अंकात होती, तिचा आला. नदीकाठच्या वाडीवरच्या एकाने दुसऱ्याच्या मोबाईलवरून केला. कासूच्या वडेवालीचा आला. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती वाजता न्यायचंय? आणि माझं उत्तर एकच, अहो, ठणठणीत आहेत, ती जाहिरात आहे, नवा अंक येतोय, घ्या. ती माणसं हुश्श करायची, एखादी शिवी हासडायची आणि फोन ठेवायची. नऊ-दहा फोन तरी झाले असतील. त्यातच एक बाई म्हणाली, मी रोह्याहून बोलते, ते माझे वडील आहेत. तिलाही मी तेच सांगितलं. काकांना मुलगी आहे? असं क्षणभर मनात आलं, आले की विचारू म्हटलं. समोर तीन मंडळांची माणसं उभी होती. राहून गेलं.

काका त्या आठवड्यात आले नाहीत, पुढच्याही नाही. अंकाच्या फेऱ्या चालू असतील असं मी धरून चालले. मलाही गणपती होईपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती.

विसर्जन झाल्यावर एका शाळेची प्रमाणपत्रं द्यायला मी रोह्याला गेले. स्टँडवर उतरले तर बॅनर अजून तिथेच होता, पावसाने एक कोपरा सुटून लोंबत होता. त्याच्या खालच्या बाकावर बसून मी कँटीनमधून चहा मागवला. चहा घेऊन आलेल्या कँटीनवाल्याने खाली दिलेला नंबर कुणाचा ते विचारलं, मी माझा म्हटलं. तेव्हा त्याने सांगितलं की बॅनर लागला त्या दिवसापासून हे स्वतः इथे याच बाकावर बसून होते. तीन दिवस. पेणच्या पहिल्या एस.टी.ने यायचे आणि शेवटच्या एस.टी.ने जायचे. शेजारी बाकावर आपण गाडीत टाकतो तसा हातरुमाल टाकलेला. कोणी बसायला आलं की म्हणायचे, जागा धरलीय, माझ्याकडं कोणतरी येतंय. तिसऱ्या दिवशी रुमालाची घडी केली, खिशात घातला आणि गेले.

मी विचारलं, कोण यायचं होतं. तो म्हणाला, मुलगी, दुसरं कोण. रोह्यात हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्या लग्नात फोटोग्राफर दुसरा केलाच नव्हता, बाप फोटोग्राफर असल्यावर कशाला करतील? आणि याने फोटो काढले ते आचाऱ्यांचे, खुर्च्या वाहणाऱ्यांचे, झोपलेल्या बँडवाल्याचे. अल्बम आला तर त्यात नवरी नाही. नवरीची आई नाही. वर्षाच्या आत आई वारली, आणि मायलेकींचा लग्नातला एक फोटो पोरीकडे नाही. तिने बापाचं तोंड बघायचं सोडलं. राहते इथेच, रोह्यात, पण सात वर्षं झाली.

चहा मी तसाच बाकावर ठेवला. लोक येणार होते. निघायची वेळ विचारायला त्यांनी फोन केला होता, आणि मी एकेकाला दारातूनच परत पाठवलं होतं. कासूहून तेरा माणसं आली ती त्या दिवशी मी फोनजवळ नव्हते म्हणून आली. हा माणूस तीन दिवस रुमाल टाकून बसला आणि मी तिकडे दुकानात बसून सगळ्यांना सांगत होते, ठणठणीत आहेत.

रोह्याहून आले ती थेट त्यांच्या खोलीवर गेले. ते स्टोव्हवर भात ठेवून उभे होते. उभ्यानेच जेवायचे ते नेहमी. मी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं. फोन आले होते काका, खूप आले होते, मीच सगळ्यांना नको म्हटलं. त्यांनी वळून बघितलं. मग खाली बसले, वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि कोण कोण म्हणाले. कोलाडवाली काय म्हणाली? तिचं मला आठवत होतं, कारण हसू आलं होतं. ती म्हणाली होती, "म्हातारा गेला? मेल्यानं माझा फोटो फ्रेम करून देतो म्हटलं होतं." काका खुदकन हसले. लिहून घेतलं. वाडीवरच्याचं लिहून घेतलं. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

मग मी म्हटलं, आणि तुमच्या मुलीचा आला होता.

पेन्सिल थांबली. भाताला उकळी येऊन पाणी स्टोव्हवर सांडत होतं, त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"काय म्हणाली? जसंच्या तसं सांग."

मला आठवत नव्हतं. देवाशपथ सांगते, वडील आहेत एवढं सोडून मला त्या फोनमधला एक शब्द आठवत नव्हता. पण तो माणूस पेन्सिल धरून बसला होता. मी म्हटलं, रडत होती हो. म्हणाली, माझे बाबा गेले का, मला त्यांना एकदा बघायचंय.

त्यांनी काही लिहिलं नाही. वही मिटली.

"आमच्याकडं बाबा म्हणायची पद्धत नाय. ती मला अण्णा म्हणायची."

मी म्हटलं, तसंच काहीतरी म्हणाली असेल, अण्णाच म्हणाली असेल, मला नीट ऐकू आलं नाही, पण फोन आला होता. फोन दाखवायलाही काढला. दुकानाचा साधा बटणांचा फोन, शेवटचे वीस कॉल ठेवतो, आणि मधे आख्खा गणपतीचा हंगाम होऊन गेलेला. त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगली हायस गो तू. पण सुधारून सांगायची तुझी खोड जायची नाय." मग वही परत उघडली आणि कोलाडवालीचं वाक्य खोडलं. वाडीवरच्याचंही खोडलं. सगळंच मी रचलंय असं त्यांनी धरलं, त्यांचं मन राखायला. मी रडायला लागले तर उलट माझीच समजूत काढायला लागले.

ताटलीत भात वाढला, निम्मा मला दिला. खाताना आपणहून लग्नाचं बोलले. ती मुंडावळ्या बांधून पाटावर बसली, त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांना काही दिसेना. डोळ्यांत पाणीच पाणी. एक काढला तो हलला. ते बाहेर गेले, आचारी होता त्याचा काढला. आचारी नीट दिसला. म्हणून मग तिकडेच काढत राहिले. हे तिला सांगितलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कसं सांगणार, दाखवायला फोटो पाहिजे ना. वहीच्या पुठ्ठ्यात तो हललेला फोटो होता. हिरवं आणि पिवळं काहीतरी आहे, एवढंच कळतं.

दुसरा अंक निघालाच नाही. दिवाळीच्या आधी एक दिवस कारखान्याचा मालक झेरॉक्सला आला आणि बोलता बोलता म्हणाला, म्हाताऱ्याने खोली सोडली, बहिणीकडे गेला म्हणे. कुठल्या बहिणीकडे ते त्याला माहीत नव्हतं. मोबाईल बंद लागतो, तो कधी चालू होता? मी रोह्याला त्या मुलीचं घरही शोधलं. जावयाची कंपनी बदलली आणि दसऱ्याला बिऱ्हाड हललं होतं. शेजारणीला गुजरातमध्ये कुठेतरी एवढंच सांगता आलं. काकांच्या खोलीत आता मूर्ती ठेवतात.

हे सगळं मी न सुधारता लिहिलंय. कधी त्यांच्या हाती पडलं तर वाचतील म्हणून लिहिलंय, आणि त्यांना सांगण्यासारखी एक खरी गोष्ट माझ्याकडे आहे. ती खोलीतून परत येताना, पायऱ्या उतरताना मला आठवली, आणि परत जाऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण त्यांनी ती मानली नसती. ठणठणीत आहेत म्हटल्यावर बाकी सगळ्यांनी फोन ठेवला होता. तिने ठेवला नव्हता. ती काही बोलत नव्हती, पण फोनवर होती. मागे कुकरची शिट्टी झाली ती मी ऐकली. समोरचं गिऱ्हाईक पावतीपुस्तकासाठी घाई करत होतं. फोन मीच ठेवला.